एकचाकी गाडीची पारख

वैशाख उतरणीला लागला की कोकणातील खेड्यांत पावसाळ्याच्या बेगमीची घाई सुरू होते. अंगणात पापड-कुरड्या वाळत पडतात, घरांची कौले चाळली जातात आणि कोरडी लाकडे पडवीत रचून ठेवली जातात. स्वयंपाकघरात गॅसची शेगडी आली असली, तरी न्हाणीघरातील चुलीवर लाकडांनीच पाणी तापते, अशी घरे तेथे आजही पुष्कळ आहेत.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका डोंगरउतारावरच्या वाडीत असेच एक घर होते. घराच्या वरच्या अंगास आंब्या-काजूची बाग होती. बागेतील वठलेल्या फांद्या तोडून वडील त्यांचे हात-हात लांबीचे तुकडे करीत आणि ढीग रचीत. तो ढीग घरी आणण्याचे काम मात्र आईकडे असे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, असे तिचे दिवसाकाठी आठ-दहा फेरे होत. एकेका मोळीचे वजन वीस-पंचवीस किलो सहज भरे. रात्री आई मान शेकीत बसे. पण तोंडातून कधी कुरकुरीचा शब्द काढीत नसे.

तिचे हे कष्ट पाहून वडिलांनी एका वर्षी बाजारातून एकचाकी हातगाडी आणली. ती तांबड्या रंगाची, चकचकीत आणि किमतीने स्वस्त होती. ताई आणि बापू ही दोन्ही मुले तिच्यावर लट्टू झाली. पण आठव्याच दिवशी, उतारावरून भरलेली गाडी खाली येत असताना तिचा आस कडकन मोडला. गाडी कलंडली, ओंडके गडगडत खाली आले आणि पुढे चाललेला बापू थोडक्यात बचावला. त्यानंतर चारच दिवसांनी मृगाचा पाऊस कोसळला. निम्मी लाकडे बागेतच भिजली. त्या पावसाळ्यात न्हाणीघर रोज धुराने कोंदून जाई आणि आईचे डोळे लाल होत.

पुढचा वैशाख आला, तेव्हा आई म्हणाली, “गाडीचा नाद आता सोडा. माझी मोळीच बरी.”

आजोबा ओटीवर बसले होते. त्यांनी उमेदीची तीस वर्षे बैलगाडी हाकली होती. ते म्हणाले, “सूनबाई, दोष गाडीचा नव्हे, आपल्या पारखीचा आहे. मोडलेली वस्तू हा उत्तम गुरू असतो. बापू, ती जुनी गाडी गोठ्यातून बाहेर काढ पाहू.”

बापूने गाडी अंगणात आणून उलटी केली. तिची पेटी अजून नव्यासारखी होती. पण खालचे सारे अंग खिळखिळे झाले होते.

“पाहा,” आजोबा म्हणाले, “आपण विकत घेताना जे पाहिले, ते धड आहे. जे पाहिले नाही, ते मोडले आहे. गाडी चालते ती आसावर. पेटी ही केवळ तिची पाहुणी.”

मग त्यांनी एकेक भाग मुलांना दाखविला. आस बोटाएवढाही जाड नव्हता. चाकाच्या तुंब्यात बेअरिंग नव्हते. त्यामुळे लोखंडावर लोखंड घासून भोक मोठे झाले होते आणि चाक डुगडुगू लागले होते. दांडे दोन तुकड्यांचे असून मधे बोल्टाने जोडलेले होते. त्या भोकापाशीच नळी वाकली होती. पायांना आडवी पट्टी नव्हती. म्हणून भरलेली गाडी टेकवताच ते फाकले होते.

“आणि ही आणखी एक खोड,” असे म्हणत आजोबांनी कोळशाने अंगणातील फरशीवर एक लांब रेघ ओढली. “चाकाच्या आसापासून मुठीपर्यंत अंतर दीड मीटर. पेटीचा मध्य कोठे येतो, ते ताई, तू मोज.”

ताईने फूटपट्टी लावून पाहिले. पेटीचा मध्य आसापासून पाऊण मीटरवर, म्हणजे बरोबर अर्ध्या अंतरावर होता.

“गाडीत साठ किलो लाकडे भरली, तर त्यांतील निम्मा भार, म्हणजे तीस किलो, हातांना उचलावा लागणार. तोच मध्य आसापासून अर्ध्या मीटरवर असता, तर हातांवर एक तृतीयांश भार आला असता. म्हणजे किती, बापू?”

“वीस किलो!” बापू उद्गारला.

“शाबास! भार जितका चाकाजवळ, तितका तो चाकाचा. जितका मुठीजवळ, तितका तो हातांचा.”

आजोबांनी सांगितलेली ही युक्ती फार जुनी आहे. चीनमध्ये हान राजवटीच्या काळातील, म्हणजे सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या थडग्यांतील शिल्पपटांवर एकचाकी गाडी कोरलेली आढळते. पुढे त्या देशात जी गाडी रूढ झाली, तिचे चाक मोठे असून ते बरोबर मधोमध बसविलेले असे. जवळजवळ सारा भार चाकच वाही. माणसाने तोल सांभाळून गाडी ढकलायची, एवढेच. युरोपात चाक पुढे आणि माणूस मागे, अशी गाडी प्रचारात आली. फ्रान्समधील शार्त्र येथील प्रसिद्ध कॅथेड्रलच्या तेराव्या शतकातील रंगीत काचचित्रात तशी गाडी दिसते. तीत भार चाक आणि हात यांच्यात वाटला जातो. परंतु पेटी जमिनीलगत राहते, भरणे सोपे जाते आणि दांडे उचलताच माल पुढे ओतता येतो. आपल्याकडे बांधकामावर दिसणारी गाडी याच जातीची असते.

दुसऱ्या दिवशी आजोबा, वडील आणि दोन्ही मुले तालुक्याच्या बाजारात गेली. दुकानदाराने तीन गाड्या पुढे ओढल्या. पहिली निळ्या रंगाची, हलकी आणि स्वस्त होती. दुसरीची पेटी खोल असून चाक भरीव रबराचे होते. तिसरी जस्ताचा मुलामा दिलेल्या, जाड पत्र्याची होती. तिच्यावर रंगाचा थेंबही नव्हता, आणि ती दोघींहून महाग होती.

वडिलांचा हात निळ्या गाडीकडे गेला. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी तिन्ही गाड्या उलट्या केल्या. प्रत्येकीचे चाक गरकन फिरविले आणि कान देऊन ऐकले. मग चाक दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे हलविले. निळ्या गाडीचे चाक लगेच खडखडले. तिसरीचे चाक मात्र आवाज न करता बराच वेळ फिरत राहिले. तिचे दांडे मुठीपासून चाकापर्यंत एकाच अखंड नळीचे होते. जेथे दोन भाग जोडले होते, तेथे वेल्डिंगची रेघ सांध्याभोवती सलग फिरली होती. निळ्या गाडीच्या सांध्यांवर तिचे नुसते ठिपके होते.

“शेटजी, सिमेंटचे एक पोते या गाडीत ठेवता का?” आजोबांनी विचारले.

“ठेवतो की, काका! माल पारखून घेणारे गिऱ्हाईक पुन्हा तक्रार घेऊन येत नाही,” दुकानदार हसून म्हणाला.

पन्नास किलोचे पोते आधी मुठींच्या बाजूस ठेवले. ताईने दांडे उचलण्याचा प्रयत्न केला. ते जेमतेम हलले. मग पोते चाकाकडे सरकविले. आता तिने दांडे उचलले आणि गाडी चार पावले पुढे नेली. अंगणातील रेघेचा अर्थ तिच्या हातांना कळला. पोते उतरवल्यावर आजोबांनी वाकून पाय, दांडे आणि आस पुन्हा पाहिले. काहीही वाकले नव्हते.

प्रश्न उरला चाकाचा. भरीव रबराच्या चाकाला काट्याची भीती नसते. पण दगडगोट्यांवर त्याचे धक्के सांध्यांना आणि मनगटांना बसतात. हवेचे चाक ते धक्के स्वतः सोसते. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या रबरी धावेचे पेटंट घेतले. ही धाव त्यांनी प्रथम आपल्या मुलाच्या तिचाकी सायकलसाठी तयार केली होती. खडबडीत रस्त्यावर मुलाला बसणारे हादरे कमी व्हावेत, हाच तिचा हेतू होता. बागेतील वाट जांभ्या दगडाची, आणि वाडीच्या नाक्यावर पंक्चर काढणारा सायकलवाला होता. तेव्हा आजोबांनी तिसऱ्या गाडीचे रुंद, हवेचे चाक पसंत केले. “चाक अरुंद असले, तर ओल्या मातीत रुतते,” ते म्हणाले.

“पण बाबा, ही फार महाग आहे,” वडील हळूच म्हणाले.

“मागच्या वर्षीची गाडी आठ दिवस टिकली. तिची किंमत आठ दिवसांवर वाटून पाहा, आणि हिची दहा वर्षांवर. मग सांग, महाग कोणती?” वडिलांनी मुकाट्याने पैसे मोजले.

घरी आल्यावर आजोबांनी गाडी वापरण्याची रीत घालून दिली. जड ओंडके तळाशी आणि चाकाकडे, हलकी लाकडे वर. पुढचे दिसणार नाही इतका ढीग रचायचा नाही. दांडे उचलताना कमरेतून वाकायचे नाही. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उठायचे. भरलेल्या गाडीपुढे कोणी चालायचे नाही. पेटीच्या तळाला त्यांनी चार लहान भोके पाडून घेतली आणि उघड्या पडलेल्या कडांना रंग लावला. कारण साचलेल्या पाण्याने चांगला पत्राही गंजतो. आसाला वंगण देण्याचे आणि रात्री गाडी पडवीत भिंतीला उभी टेकविण्याचे काम बापूने आपणहून पत्करले.

एक अडचण मात्र राहिली. बागेची वाट पाखाडीवरून उतरत होती, आणि पायऱ्यांवर एकचाकी गाडीचा उपयोग नसतो. तेव्हा वडिलांनी दोन दिवस खपून गडग्याच्या कडेने वळणावळणाची, मंद उताराची नवी वाट काढली. वाट लांबली; पण चाकाला सुखाची झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई बागेत गेली. चुंबळ तिने सवयीने बरोबर घेतली होती. ताईने आणि बापूने गाडीत लाकडे रचली. दोन मोळ्यांहून अधिक भार होता. आईने गुडघे वाकवून दांडे उचलले आणि ती क्षणभर तशीच थबकली. तिला एवढ्या हलकेपणाची अपेक्षाच नव्हती. मग गाडी नव्या वाटेने, कसलाही खडखडाट न करता, घराकडे निघाली.

मृगाची पहिली सर आली, तेव्हा बागेत एकही ओंडका उरला नव्हता. पडवीत कोरड्या लाकडांची रास छपरापर्यंत पोचली होती. आईने चुंबळ टाकून दिली नाही. तिने ती खुंटीला टांगून ठेवली. त्या रात्री मात्र तिला मान शेकावी लागली नाही.

शब्दार्थ

बेगमी – पुढील काळासाठी केलेला साठा. चुंबळ – डोक्यावर ओझ्याखाली ठेवण्याचे कापडाचे वेटोळे. आस – चाक ज्याभोवती फिरते तो दांडा. तुंबा – चाकाचा मधला भाग. धाव – चाकाचे बाहेरील वेष्टण. पाखाडी – दगडी पायऱ्यांची वाट. गडगा – दगड रचून केलेले कुंपण.

स्वाध्याय

१. पहिली गाडी कोणकोणत्या ठिकाणी कमकुवत होती?
२. “पेटी ही केवळ तिची पाहुणी,” असे आजोबा का म्हणाले?
३. आजोबांनी भरीव रबराच्या चाकाऐवजी हवेचे चाक का निवडले? वाडीत सायकलवाला नसता, तर त्यांनी काय विचार केला असता?
४. आईने चुंबळ टाकून न देता खुंटीला का टांगली असावी? तुमच्या शब्दांत लिहा.
५. वाक्यांत उपयोग करा : लट्टू होणे, थोडक्यात बचावणे, नाद सोडणे, आपणहून पत्करणे.
६. एका गाडीच्या आसापासून मुठीचे अंतर १६० सेंटीमीटर आणि भाराच्या मध्याचे अंतर ४० सेंटीमीटर आहे. ८० किलो लाकडांपैकी किती भार हातांवर येईल?
७. तुमच्या घरातील एखादी मोडलेली वस्तू नीट पाहा. ती कोठे व का मोडली, याविषयी दहा ओळी लिहा.