जागृतीची परीक्षा : गंजीपासून डोडी-दापूरपर्यंत

धर्मजागृति खरी कीं खोटी हें सभेंतील अश्रूंवरून कळत नाहीं, असें आम्हांस वाटतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत मोठी जागृति झाली. १८०६ सालीं विल्यम्स कॉलेजाचे पांच विद्यार्थी पावसांत गवताच्या गंजीआड प्रार्थनेस बसले. १८१० सालीं परदेशांत उपदेशक पाठविणारें अमेरिकन बोर्ड स्थापन झालें. १८२६ सालीं बोस्टनांत मद्यपानाविरुद्ध मंडळी निघाली, १८३३ सालीं गुलामगिरीविरुद्ध. गुलाम बाळगणारांशीं संबंध ठेवावा कीं तोडावा, यावर मात्र ख्रिस्ती लोकच वर्षानुवर्षें भांडले; हें झांकून ठेवूं नये.

त्याच विल्यम्स कॉलेजांत शिकलेले गॉर्डन हॉल साहेब १८१३ सालीं मुंबईस आले. १८२४ सालीं त्यांच्या मिशनानें तेथें मुलींची शाळा काढली. १८२६ च्या मार्चांत ते नाशिकास आले, तों गांवांत पटकीचा कहर चाललेला. आजाऱ्यांस औषध वांटून ते परत निघाले. सिन्नरच्या पुढें डोडी-दापूर येथें देवळाच्या ओसरींत उतरले असतां, २० मार्च रोजीं त्यांसच पटकीनें गांठलें. कांहीं तासांतच ते वारले. वयाचीं ४२ वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. बरोबरच्या दोन मुलांनीं त्यांस घोंगडींत गुंडाळून तेथेंच मूठमाती दिली.