आत्याचा कानमंत्र: वकिलातीचा फोन हाती घेताना

बयो, बॅग भरली असशीलच. पहिलीच पोस्टिंग, आणि वकिलातीचं ट्विटर तुझ्याकडे देणार म्हणे. (आता एक्स म्हणायचं, पण या वयात नवी नावं माझ्या जिभेला चिकटत नाहीत.) वकिलातींच्या खिडकीमागे माझी तीस वर्षं गेली, आणि शेवटी शेवटी हा फोन माझ्याही गळ्यात पडला होता. माझ्या चुका मी वापरून संपवल्यात, तू तुझ्या नव्या शोध.

१. आपलं खातं आणि वकिलातीचं खातं एका फोनवर ठेवू नकोस — एका चतुर्थीला घरच्यांसाठी काढलेला मोदकांचा फोटो मी चुकून वकिलातीच्या खात्यावर टाकला. पहिलं उत्तर आलं, ‘कळ्या सुरेख पडल्यात. माझा पासपोर्ट तीन आठवडे अडलाय.’

२. सकाळी आधी आलेलं वाच, मग आपलं लिही — २०१० मध्ये आपलं परराष्ट्र मंत्रालय ट्विटरवर आलं तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांना तो पोरखेळ वाटला होता. वर्षभरात लिबिया पेटलं आणि अडकलेल्यांचे निरोप त्याच वाटेने यायला लागले.

३. संकटात गाव, वाट आणि वेळ एवढंच लिही, काळजीची विशेषणं नकोत — बुडत्याला ओवी नको, दोर हवा. २ मार्च २०२२ ला युक्रेनमधल्या आपल्या वकिलातीने खारकीवमधल्या पोरांना जवळच्या तीन गावांची नावं आणि अंतरं दिली, तिथल्या घड्याळाने संध्याकाळी सहाच्या आत पोचा म्हणून सांगितलं, आणि गाडी मिळत नसेल तर पायी निघा म्हणून बजावलं. वेळ कुठल्या देशाच्या घड्याळाची, हे लिहायला कधी विसरू नकोस. ते मी एकदा विसरलेय, आणि पुढचं तुला सांगणार नाही.

४. काम आपलं नसेल तर तसं सांग, पण उत्तर दे — २०१६ मध्ये एक जण बिघडलेल्या फ्रीजची तक्रार घेऊन तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराजांकडे आला. बाईंनी त्याला भाऊ म्हटलं आणि सांगितलं, मी संकटातल्या माणसांत गुंतलेय, फ्रीजचं माझ्याच्याने होणार नाही. लोक हसले खरे, पण बाई स्वतः वाचतात हे सगळ्यांना कळलं.

५. पासपोर्टचा नंबर, पत्ता, दवाखान्याचे कागद चारचौघांत मागू नकोस, खासगी निरोपात घे आणि तक्रार मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंदवायला लाव — आपल्यासारखंच नाव आणि चिन्ह लावलेली खोटी खाती अशा घाबऱ्या माणसाची वाटच बघत असतात.

६. यजमानांचं खा, आणि खाताना हर — जिंकलेल्या पाहुण्याला पाट मिळतो, हरलेल्याला दुसऱ्यांदा वाढतात. ब्रिटनचे उच्चायुक्त अलेक्स एलिस २०२१ मध्ये बंगळुरात मसाला डोसा काट्या-सुरीने खायला बसले. मग लोकांनाच विचारलं, ९२ टक्के म्हणाले हाताने, तर गृहस्थांनी हाताने खाऊन तुमचंच बरोबर म्हणून कबूल केलं. मुंबईत वडापाव हातात घेऊन ‘लई भारी’ही म्हणाले. जपानचे तेव्हाचे राजदूत हिरोशी सुझुकी त्यांच्याही पुढचे! २०२३ मध्ये पुण्यात तिखट जरा कमी घाला म्हणत खात होते, आणि तिखट खाण्यात बायकोने मला हरवलं हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं. पंतप्रधानांनीही दाद दिली. पुण्यात येऊन कुणी आपणहून हरलं की पुणेकर किती मऊ होतात, ते तुला वेगळं सांगायला नको.

७. परक्या भाषेत जरूर लिही, पण दुभाष्याबरोबर ड्रायव्हरलाही दाखव — पंडिताला व्याकरण कळतं, नाक्यावरच्याला शिवी. मॉस्कोतले अमेरिकेचे राजदूत मायकल मॅकफॉल हौसेने रशियनमध्ये लिहायचे. एकदा येकातेरिनबुर्गचं बोलीतलं टोपणनाव लिहून बसले, आणि ते शिवराळ निघालं.

८. उपरोध घरी ठेवून जा — थट्टेला व्हिसा मिळत नाही. शशी थरूरांना इंग्रजी आपण काय शिकवणार, पण २००९ मध्ये विमानातल्या साध्या वर्गाला ‘कॅटल क्लास’ म्हटल्यावरून त्यांचीही पळता भुई थोडी झाली होती.

९. यजमानाच्या राजकारणात पडू नकोस, चुकूनही — पाहुण्याने चुलीपाशी बसावं, सासू-सुनेच्या मध्ये बसू नये. १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं ४१ वं कलम हेच सांगतं, फक्त रुक्ष भाषेत. मे २०२१ मध्ये न्यूझीलंडच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाने ऑक्सिजन सिलिंडर मागितला तो थेट युवक काँग्रेसकडे. गरज खरीच असणार, पण ट्विट पुसून दिलगिरी व्यक्त करावी लागली.

१०. सरकारला सुनवायचं ते आधी बंद दाराआड सुनव — ऑगस्ट २०१८ मध्ये कॅनडाने सौदीतल्या अटकेतल्या कार्यकर्त्यांना ताबडतोब सोडा म्हणून लिहिलं, आणि रियाधच्या वकिलातीने तेच अरबीत टाकलं. म्हणजे चिठ्ठी थेट त्यांच्या अंगणात पडली. सौदीने राजदूताला चोवीस तासांत घालवलं, नवा व्यापार थांबवला, स्वतःचे विद्यार्थी माघारी बोलावले. राजदूत परत नेमायचं ठरायला २०२३ उजाडलं. कॅनडाचं म्हणणं चूक होतं असं नाही हं मी म्हणत. ‘ताबडतोब’ एवढा एकच शब्द मला खटकतो.

११. चुकलं तर तिथेच लिहून दुरुस्त कर, गुपचूप पुसू नकोस — २०१३ मध्ये कैरोतल्या अमेरिकी वकिलातीने तिथल्या सरकारची खिल्ली उडवणाऱ्या एका विनोदी कार्यक्रमाची लिंक टाकली. इजिप्त सरकार चिडलं, तर अख्खं खातंच काही काळ गायब. मूळ ओळ ज्यांनी पाहिली नव्हती, त्यांनीही मग शोधून पाहिली.

१२. बदली झालेल्याचा पासवर्ड त्याच दिवशी बदल — निरोपाचा हार सुकायच्या आत.

१३. आणि पोचल्यावर वकिलातीच्या दारातला फोटो टाकायच्या आधी मला फोन कर — लोणच्याची बरणी धड पोचली का, ते मला आधी कळायला हवं.