हरणांची गणती आणि शिकाऱ्याची साक्ष

ज्याला प्राणी मारावयाचा आहे, त्यालाच ‘किती मारावेत?’ असे विचारणे शहाणपणाचे आहे काय? प्रथमदर्शनी ह्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी द्यावेसे वाटेल. तरीही जगातील अनेक देशांत हरणांच्या शिकारीची वार्षिक मर्यादा ठरविताना शिकाऱ्यांचे म्हणणे विचारात घेतले जाते. भारतातही एके काळी तसे झाले होते. ह्या पद्धतीचे मर्म काय, तिचे गुणदोष कोणते आणि आज शिकारबंदी असलेल्या आपल्या देशाला त्यापासून काय शिकता येईल, ह्याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

हा विचार केवळ दूरदेशीचा नव्हे. बेंगळुरूच्या आग्नेय भागात एचएसआर लेआउट नावाची मोठी वसाहत आहे. होसूर व सर्जापूर ह्या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरून तिला हे नाव पडले. तेथून दक्षिणेकडे पंधरा-वीस किलोमीटर गेले की बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यानाचे जंगल लागते. त्या जंगलात चितळ आणि सांबर आहेत. त्याच्या कडेला शेते आहेत. आणि शहर दरवर्षी जंगलाच्या अधिक जवळ सरकत आहे. जंगलात हरणे किती आहेत, किती असावीत आणि हे कोणी ठरवावे, हे प्रश्न अशा ठिकाणी टाळता येत नाहीत.

१. कळपाचा जमाखर्च

कळपाची वाढ व घट ही सावकाराच्या वहीप्रमाणे मांडता येते. जन्म ही जमेची बाजू, मृत्यू ही खर्चाची.

समजा, एका जंगलात १,००० हरणे आहेत. एका वर्षात जन्मलेल्या पाडसांपैकी २४० जगली. रोग, उपासमार, वाघ, बिबट्या व रानकुत्री ह्यांमुळे १४० मोठी हरणे मेली. म्हणजे वर्षअखेर कळप १,१०० झाला. आता १०० हरणे मारली, तर कळप पुन्हा १,००० वर येईल. १५० मारली, तर तो ५० ने घटेल. ५० मारली, तर ५० ने वाढेल. शिकारीची मर्यादा ठरविणे म्हणजे मुळात एवढीच वजाबाकी होय.

परंतु ह्या वजाबाकीत दोन अडचणी आहेत. पहिली ही की, जंगलातील हरणे गोठ्यातील गुरांप्रमाणे मोजता येत नाहीत. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. मारलेली १०० हरणे नर होती की माद्या, ह्यावर पुढील वर्षाची जमा अवलंबून असते. एक नर अनेक माद्यांना पुरेसा होतो. म्हणून काही नर कमी झाल्याने पाडसांची संख्या फारशी उतरत नाही. मादी मारली असता मात्र तिच्याबरोबर तिची पुढील पाडसेही वजा होतात. ज्याला कळप वाढवावयाचा आहे तो माद्यांना अभय देतो. ज्याला तो घटवावयाचा आहे, त्याला केवळ नर मारून भागत नाही.

२. शिकारी काय सांगू शकतो?

शिकारी दोन प्रकारच्या गोष्टी सांगतो. त्या वेगळ्या ठेवणे हे ह्या विषयातील सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

पहिली गोष्ट म्हणजे त्याची माहिती. तो किती दिवस रानात होता, किती हरणे त्याने पाहिली, किती मारली, त्यांतील नर किती व माद्या किती, ह्या बाबी मोजता येतात. मारलेल्या हरणाच्या खालच्या जबड्यावरून त्याचे वय कळते. लहानपणी दुधाच्या दाढा असतात. त्या पडून कायमच्या दाढा येतात. पुढे त्या झिजत जातात. शेकडो जबडे तपासले म्हणजे कळपात तरुण किती व म्हातारी किती, ह्याचा अंदाज बांधता येतो. त्याचप्रमाणे, पूर्वी पाच दिवसांत एक हरिण मिळत असे आणि आता त्याच पद्धतीने, त्याच रानात दहा दिवस लागतात, असे बहुसंख्य शिकाऱ्यांच्या नोंदींवरून दिसले, तर कळप विरळ होत असल्याची शंका घ्यावयास आधार मिळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याची इच्छा. रानात पुष्कळ हरणे दिसावीत, मोठ्या शिंगांचा नर मिळावा, असे शिकाऱ्याला वाटते. शेतकऱ्याला हरणे कमी हवीत. वनरक्षकाला कोवळी रोपे वाचावयास हवीत. ह्या इच्छा खोट्या नाहीत, पण त्या पुरावा नव्हेत.

माहितीतही दोष शिरतात. शिकारी जेथे बसतो तेथले त्याला दिसते. पलीकडच्या खोऱ्यातले दिसत नाही. तो मोठी शिंगे निवडतो, म्हणून त्याने मारलेल्या जनावरांवरून सबंध कळपाचे चित्र जसेच्या तसे उमटत नाही. आठवणीतून सांगितलेले आकडे वाढत जातात. म्हणून एकाच्या आठवणीपेक्षा शेकडो जणांच्या त्याच दिवशी लिहिलेल्या नोंदी अधिक विश्वसनीय ठरतात.

३. निलगिरीचा धडा

शिकाऱ्यांनीच मर्यादा मागितल्याचे भारतातील एक ठळक उदाहरण निलगिरी पर्वतात घडले. एकोणिसाव्या शतकात तेथे चहा-कॉफीचे मळे पसरले, बंदुका वाढल्या आणि सांबर, भेकर व निलगिरी ताहर हा रानबोकड झपाट्याने कमी होऊ लागले. १८७७ साली तेथील शिकाऱ्यांनी ‘निलगिरी गेम असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. दोन वर्षांनी, १८७९ मध्ये, मद्रास सरकारने निलगिरीपुरता शिकारी प्राणी व मासे ह्यांच्या रक्षणाचा कायदा केला. ठराविक बंदी-काळ आणि परवाना ही त्याची प्रमुख साधने होती.

ह्या व्यवस्थेतील एक बाजू प्रशंसनीय होती. आज संयम पाळला नाही तर उद्या रान रिकामे होईल, हे शिकाऱ्यांनी स्वतः ओळखले होते. ही संस्था आजही ‘निलगिरी वाइल्डलाइफ अँड एन्व्हायर्नमेंट असोसिएशन’ ह्या नावाने अस्तित्वात आहे. शिकार सोडून ती संरक्षणाच्या कामाला लागली. शिकारीतून संरक्षणाकडे वळलेले ई. आर. सी. दाविदार ह्यांनी निलगिरी ताहरांची केलेली गणती १९६३ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. बंदुकीसाठी तयार झालेली नजर मोजणीच्या कामी आली.

दुसरी बाजू मात्र विसरता येणार नाही. हे ‘शिकारी’ म्हणजे प्रामुख्याने युरोपीय अधिकारी व मळेवाले होते. पिढ्यान्‌पिढ्या त्याच रानात राहणाऱ्या आदिवासींना त्या सभेत स्थान नव्हते. विदर्भातही असेच घडले. राखीव जंगलांचे शिकारीसाठी विभाग पाडले जात, परवान्यावर प्राण्यांची मर्यादा घातली जाई. पण प्राण्यांच्या वाटा, पाणवठे व विण्याचे हंगाम ज्यांना तोंडपाठ होते, ते गोंड, कोरकू वा फासेपारधी बहुधा हाकारे किंवा वाटाडे म्हणून बोलाविले जात. त्यांच्या ज्ञानाची थोरवी मराठी वाचकांना पुढे मारुती चितमपल्ली ह्यांच्या लेखनातून उमगली. साक्षीदार निवडताना ज्याने सर्वांत अधिक पाहिले आहे त्यालाच वगळले, तर न्याय होत नाही आणि शास्त्रही अपुरे राहते.

४. विस्कॉन्सिनमधील वाद

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ह्या प्रश्नाने एकदा मोठे वादळ उठविले. १९३४ मध्ये तेथे ‘कॉन्झर्व्हेशन काँग्रेस’ ही नागरिकांची प्रातिनिधिक सभा सुरू झाली होती. प्रत्येक जिल्ह्यातून निवडलेले प्रतिनिधी शिकार व मासेमारी ह्यांच्या नियमांविषयी सरकारला सल्ला देत.

त्या काळी तेथे मुख्यत्वे नरांचीच शिकार होई. त्यामुळे हरणे फार वाढली. हिवाळ्यात बर्फाने कोंडलेल्या जागी ती दाटीने उभी राहत, आवाक्यातील झाडपाला संपवीत आणि मग उपासमारीने मरत. वन्यजीव-व्यवस्थापन ह्या शास्त्राचा पाया घालणारे आल्डो लिओपोल्ड ह्यांच्या अध्यक्षतेखालील नागरिक-समितीने हे दृश्य पाहिले आणि माद्यांचीही शिकार व्हावी, असे मत दिले. १९४३ मध्ये ते अमलात आले. त्या एका हंगामात सव्वा लाखाहून अधिक हरणे मारली गेली. राज्यभर संताप उसळला. लिओपोल्ड ह्यांच्यावर जहरी टीका झाली.

हरणे अति झाली आहेत, हे निदान योग्य होते. उणीव दोन ठिकाणी होती. किती हरणे मारली जातील ह्यावर प्रत्येक भागापुरता लगाम नव्हता. आणि ज्यांनी उपासमार डोळ्यांनी पाहिली नव्हती, त्यांना केवळ आकड्यांवर विश्वास ठेवावा लागत होता.

पुढील सुधारणा ह्या दोन उणिवांच्या रोखाने झाल्या. १९५३ पासून मारलेल्या प्रत्येक हरणाची नोंद सक्तीची झाली. राज्याचे लहान लहान विभाग पाडून प्रत्येक विभागाचा स्वतंत्र हिशेब सुरू झाला. २०१४ पासून जिल्हावार हरिण-सल्लागार मंडळे काम करू लागली. त्यांत शिकाऱ्यांबरोबर शेती, वनव्यवसाय, पर्यटन व वाहतूक ह्यांचेही प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. आपल्या जिल्ह्यात कळप वाढवावा, कायम राखावा की घटवावा, हे मंडळ सुचविते. खात्याचे शास्त्रज्ञ आकडे पुरवितात. अंतिम निर्णय राज्याच्या निसर्गसंपदा मंडळाकडे असतो. २०१५ पासून नोंद दूरध्वनीने अथवा इंटरनेटवरून करता येऊ लागली. शिकाऱ्याची सोय झाली. परंतु जनावर नाक्यावर आणून दाखविण्याची सक्ती उरली नाही, आणि जाणत्या माणसाने ते प्रत्यक्ष पाहण्याची संधी कमी झाली. सोय आणि पुरावा ह्यांची अशी ओढाताण नेहमीच चालते.

५. बंदूक नसताना मोजणी

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. हा निर्णय आवश्यक होता. मात्र परवानाधारकांच्या नोंदींतून मिळू शकणारी माहितीही त्याबरोबर थांबली. तिची जागा भरून काढण्यासाठी दुसरी पद्धत लागणार होती.

ती पद्धत रेषामार्गावरील मोजणीची होय. जंगलात सरळ मार्ग आखतात. मोजणारे त्यावरून पहाटे निःशब्द चालतात आणि दिसलेला प्रत्येक कळप मार्गापासून किती दूर होता, ते मोजून लिहितात. समजा, मार्गालगतच्या २० मीटरच्या पट्ट्यात ३० हरणे दिसली आणि त्यापलीकडच्या तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्यात १५. दोन्ही पट्ट्यांत हरणे सारखीच असणार. म्हणजे दूरच्या पट्ट्यातील निम्मी नजरेआड राहिली. अशा रीतीने न दिसलेल्या हरणांचाही हिशेब लागतो.

बेंगळुरूचे शास्त्रज्ञ उल्हास कारंत ह्यांनी ही पद्धत कर्नाटकातील नागरहोळे जंगलात कसोशीने वापरली. मेल सनक्विस्ट ह्यांच्यासह त्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दर चौरस किलोमीटरला सुमारे ५० चितळ आणि ५ ते ६ सांबर आढळले. कारंत ह्यांच्या हिशेबाप्रमाणे एका वाघाला वर्षाकाठी हरणाएवढी सुमारे ५० जनावरे लागतात. आणि तो आपल्या भक्ष्याच्या साधारण दहावा हिस्सा उचलतो. म्हणजे एका वाघामागे सुमारे ५०० भक्ष्यप्राणी हवेत. माणसाने बंदूक खाली ठेवली, तरी कळपाच्या जमाखर्चात शिकाऱ्याचा रकाना रिकामा राहत नाही. तेथे वाघ असतो.

ह्या मोजण्यांत प्रशिक्षित स्वयंसेवकांनीही मोठा भाग घेतला. शहरात राहणारा विद्यार्थी व जंगलाकाठचा रहिवासी ह्या दोघांनाही ही पद्धत शिकता येते. नोंद कशी करावी, हे ज्याला समजले, तो साक्षीदार होण्यास पात्र झाला.

६. शेताच्या बांधावरील प्रश्न

शिकारबंदीनेही एक प्रश्न सुटला नाही. पिकात शिरणाऱ्या जनावराचे काय करावे? महाराष्ट्रात रोही व रानडुक्कर ह्यांचा उपद्रव शेतकऱ्याला सतावतो. (रोही म्हणजे नीलगाय, तिची शिंगे झडत नाहीत, म्हणून ती खऱ्या हरणांच्या कुळातली नव्हे.) २०१५ मध्ये राज्य शासनाने ह्या दोन प्राण्यांबाबत परवानगीची पद्धत सुलभ केली. केरळात २०२२ मध्ये उपद्रवी रानडुकरांना मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना देण्यात आला.

निर्णय गावाच्या जवळ आला, हे स्वागतार्ह आहे. परंतु मारण्याचा अधिकार जवळ आला आणि मोजण्याची जबाबदारी दूरच राहिली, तर निलगिरी व विस्कॉन्सिन ह्यांचा धडा वाया जाईल. किती जनावरे मारली, त्यांत माद्या किती, त्यानंतर पिकाची हानी खरोखर घटली काय, ह्याची वही गावातच ठेवली गेली पाहिजे. नुकसान सोसणारा शेतकरी हाही साक्षीदार आहे. आणि त्याचीही माहिती व इच्छा वेगवेगळ्या रकान्यांत लिहावयास हवी.

सारांश, आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल: शिकाऱ्याला अवश्य विचारावे, परंतु त्याने काय पाहिले हे आधी विचारावे, त्याला काय हवे हे नंतर. त्याची माहिती इतरांच्या माहितीशी ताडून पाहावी; त्याची इच्छा इतरांच्या इच्छांबरोबर सभेत मांडली जावी. पहिले काम शास्त्राचे, दुसरे लोकशाहीचे. दोन्ही कामे झाली नाहीत, तर त्याची किंमत अखेर कळपाला मोजावी लागते.

स्वाध्याय

१. एका कळपात ६०० हरणे आहेत. वर्षात १३० पाडसे जगली आणि ९० मोठी हरणे नैसर्गिक कारणांनी मेली. कळप तितकाच राखण्यासाठी किती हरणे वजा करता येतील? ती सर्व माद्या असतील तर पुढील वर्षी काय होईल?
२. पुढील विधानांपैकी माहिती कोणती व इच्छा कोणती, ते सांगा: (अ) ‘काल पाणवठ्यावर सात चितळ आले.’ (आ) ‘आमच्या रानात चितळ फार झाले आहेत.’
३. शाळेच्या आवारात सरळ मार्ग आखून दोन्ही बाजूंचे पक्षी अंतरासह नोंदवा. दूरच्या पट्ट्यात कमी पक्षी दिसले, तर त्याचे कारण काय असावे, ह्यावर चर्चा करा.