डब्यांत सांठलेली वीज

औषधी गोळ्यांची चकचकीत पट्टी किंवा शीतपेयाचा हलका डबा आपण रिकामा झाला कीं फेकून देतों. त्याची किंमत कशावर ठरते, असें विचारल्यास ‘खाणींतील खनिजावर’ असें उत्तर पुष्कळ विद्यार्थी देतील. तें खरें, परंतु अपुरें आहे. ती किंमत मोठ्या अंशानें विजेवर ठरते. हें कसें, तें आम्ही येथें सांगतों.

अॅल्युमिनियम हा धातु पृथ्वीच्या कवचांत विपुल आहे; आमच्या कोल्हापूर जिल्ह्यांतही त्याचें खनिज, बॉक्साइट, सांपडतें. परंतु प्राणवायु या धातूस इतका घट्ट धरून बसतो कीं, लोखंडाप्रमाणें कोळशाच्या भट्टींत तो सुटत नाहीं. म्हणून पूर्वीं या धातूची गणना मौल्यवान वस्तूंत होत असे. १८८६ सालीं अमेरिकेंत चार्ल्स हॉल व फ्रान्समध्यें पॉल एरू या दोघां तरुणांनीं, एकमेकांस ठाऊक नसतां, एकच युक्ति शोधून काढिली. बॉक्साइटपासून काढलेली पांढरी भुकटी, म्हणजे अॅल्युमिना, वितळलेल्या क्रायोलाइटमध्यें विरघळवून त्यांतून विजेचा प्रवाह सोडावयाचा. म्हणजे प्राणवायु सुटतो व धातु तळाशीं जमतो.

आतां थोडें गणित करूं. एक किलो धातूस सुमारें १४ युनिट वीज लागते. तेवढ्या विजेवर ४० वॅटचा दिवा ३५० तास जळेल!

यामुळें हे कारखाने खाणीपेक्षां स्वस्त विजेचा शेजार अधिक पसंत करितात. आइसलँडमध्यें अॅल्युमिना जहाजांनीं दुरून आणितात, कारण तेथें नद्यांपासून व भूगर्भांतील वाफेपासून वीज स्वस्त मिळते. आपल्या देशांतही केरळांतील आलुवा येथें १९४३ सालीं हा धातु निघूं लागला, तो पळ्ळिवासलच्या जलविद्युतेच्या बळावर. उलट, २०२२ सालीं युरोपांत विजेचे दर भडकले, तेव्हां स्लोव्हाकियांतील कारखान्यानें खनिजापासून धातु काढणें बंद केलें.

डबे व वेष्टनें करणारे कारखानदार हाच धातु विकत घेतात. त्याचा भाव चढला कीं, ते पत्रा अधिक पातळ लाटतात, नाहींतर कागद वा प्लॅस्टिक यांकडे वळतात. परंतु याहून चांगला एक मार्ग आहे. जुना डबा वितळविण्यास नव्या धातूच्या सुमारें विसाव्या हिश्श्याइतकीच ऊर्जा लागते. कारण प्राणवायूस हुसकावण्याचें अवघड काम एकदां झालेलेंच असतें.

रिकामा डबा सुमारें १४ ग्रॅम भरतो. नव्या धातूच्या अशा एका डब्यांत त्या ४० वॅटच्या दिव्याचे पांच तास सांठलेले असतात. जुन्याचा पुन्हां धातु करण्यास पाव तासाचीच ऊर्जा पुरते. पांच तास म्हणजे एका विद्यार्थ्याच्या अभ्यासाची पुरी संध्याकाळ. म्हणून डबा उकिरड्यावर टाकण्यापूर्वीं आपल्या हातांत काय आहे, याचा क्षणभर विचार करावा, आणि तो भंगारवाल्याच्या पोत्यांत घालावा.