तान्हा पोळ्याचा बैल मुलांच्या हातून घडावा

श्रावण अमावास्येला शेतकऱ्याच्या बैलजोडीचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपुरात आणि विदर्भातील गावोगावी तान्हा पोळा भरतो. हा दिवस सर्वस्वी मुलांचा. चाके लावलेला लाकडी नंदी दोरीने ओढीत मुले तोरणाखाली जमतात, मग घरोघरी जातात. तेथे नंदीची पूजा होते आणि मुलांच्या हातावर बोजारा पडतो. नागपूरच्या भोसले घराण्यातील दुसरे रघुजीराजे (राज्यकाळ १७८८ ते १८१६) यांनी ही प्रथा सुरू केली, असे परंपरेने मानले जाते. लहानांना बैलाविषयी आपुलकी वाटावी, असा तिचा हेतू सांगितला जातो.

सुताराने घडविलेला नंदी ही देखणी वस्तू आहे. अनेक घरांत तो एका पिढीकडून दुसरीकडे जातो. त्याविषयी कोणाचीही तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती स्पर्धेची. सजावटीला बक्षीस ठेवले की झूल, बेगड, रोषणाई यांवर पालकांचा खर्च वाढत जातो, आणि बक्षीस मुलाच्या नावाने पुकारले तरी ते वस्तुतः वडिलांच्या खिशाला मिळते. ज्या मजुराला नंदी विकत घेणे परवडत नाही, त्याचे मूल तोरणापासून दूर उभे राहून पाहत असते. बैलाची ओळख करून देणाऱ्या सणात काही मुलांना पहिली ओळख गरिबीचीच व्हावी, ही गोष्ट शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी मनावर घेण्याजोगी आहे. उपाय मात्र सोपा आहे. बैल मुलांनी स्वतः करावा, आणि तो घरातल्या वस्तूंचाच करावा.

यात नवीन काही नाही. ज्यांच्या घरी बैल नाहीत, ती कुटुंबे पोळ्याला मातीचे बैल करून पूजतातच. चाकांवरच्या प्राण्यांची परंपरा तर फारच जुनी. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये उत्तर हडप्पाकालीन मानल्या जाणाऱ्या काशाच्या मूर्ती सापडल्या. त्यांत दोन बैलांचा रथ आणि चाकांवरचे हत्ती, गेंडा व रेडा आहेत. त्या वजनदार मूर्ती मुलांच्या खेळण्यातल्या नव्हेत. परंतु हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर मिळालेल्या मातीच्या छोट्या प्राण्यांना विद्वान खेळणीच समजतात.

बालशिक्षणाच्या दृष्टीने महाराष्ट्राजवळ आणखी जवळचा आधार आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने ते काम पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला झेपणारी नव्हती. म्हणून शंखशिंपले, बिया, पाने, खडे आणि माती यांनाच त्यांनी साधने केले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. ताराबाईंची ही दृष्टी मात्र साहित्याच्या पेट्यांइतकी सर्वत्र पोहोचली असे म्हणवत नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. नागपूर परिसरातील काळी कपाशीची माती भिजली की फुगते आणि वाळताना आकसते; म्हणून निव्वळ तिचा केलेला बैल दोन दिवसांत तडकतो आणि मूल हिरमुसते. तीत बारीक वाळू किंवा चाळलेली राख आणि थोडा भिजवलेल्या कागदाचा लगदा मिसळावा. माती चाळून, खडे व काचा काढून, तीन-चार दिवस ओली ठेवावी व रोज मळावी. तीन वर्षांचे मूल तिचा गोळा व वळकटी करील, तेवढे पुरे. चार-पाच वर्षांचे मूल वळकटीला पाय लावू पाहते आणि पाय पडतात. अशा वेळी बाईंनी पाय लावून देऊ नयेत. पाय आखूड व जाड केले तर बैल उभा राहतो, हे मुलाला दोन-तीनदा पाडूनच कळते. शिंगांना पऱ्हाटीच्या किंवा तुराटीच्या काड्या खोचाव्यात. टोके मात्र मोठ्यांनी आधी घासून बोथट करावीत.

माती नको असेल तर रद्दी आहे. कागदाच्या लगद्यात भिजवून वाटलेली मेथी घालून टोपल्या करण्याची रीत आपल्या घरोघरच्या वृद्ध स्त्रियांना ठाऊक आहे. त्याच लगद्याचा बैल हलका व टिकाऊ होतो. चिकटविण्यासाठी कणकेची खळ करावी. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, ते विषारी आहे. मुलांच्या खळीत ते कदापि घालू नये. त्यापेक्षा खळ रोज ताजी करणे बरे. रंगासाठी हळद, गेरू, कुंकवाऐवजी बिटाचा रस आणि कोळशाची पूड पुरते. चाके हवी असल्यास प्लॅस्टिकच्या बाटल्यांची बुचे घ्यावीत, त्यांना भोके मोठ्यांनी दाभणाने पाडावीत आणि आस म्हणून खराट्याची काडी घालावी. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती मणी, चिंचोके अशा लहान वस्तू देऊ नयेत. ती तोंडात घालतात व घशात अडकण्याचा धोका असतो. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, हे संयोजकांनी विसरू नये.

करण्याआधी पाहणे हवे. वर्धा-नागपूर भागातील गवळाऊ जातीचा पांढरा, चपळ बैल गावात कोणाकडे असेल तर मुलांना तेथे न्यावे. वशिंड कोठे आहे, गळ्याखालची पोळी कशी लोंबते, शेपूट कोठवर येते, हे विचारावे आणि उत्तर सांगू नये. ट्रॅक्टरमुळे पुष्कळ गावांत मुलांना बैल जवळून पाहण्याचा योगच उरलेला नाही. शहरातील अंगणवाडीने चित्रावर भागविण्यापेक्षा मांजर, बकरी, कुत्रा यांपैकी रोज दिसणारा प्राणी घ्यावा. तान्हा पोळ्याच्या तोरणाखाली एखादी मातीची बकरी आली तर नंदी रागावणार नाही.

ग्रामपंचायतीने एवढेच ठरवावे की, सजावटीच्या स्पर्धेऐवजी हाताने केलेल्या प्राण्यांचे प्रदर्शन भरेल आणि खाऊ व रंगखडू सर्वांना सारखे मिळतील. स्वउत्पन्नातील जी १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते, तीतून हा किरकोळ खर्च सहज भागतो. पालकांनी घरी करून पाठविलेला सुबक बैल लगेच ओळखू येतो. म्हणून काम अंगणवाडीतच, बाईंच्या समोर व्हावे. नागपंचमीनंतर माती भिजविण्यास घेतली तर पोळ्यापूर्वी आठवडाभर आधी बैल तयार होतात आणि पावसाळी हवेतही सावलीत वाळतात. सण झाल्यावर कच्च्या मातीचे बैल पाण्यात विरघळवून ती माती पुढच्या कामासाठी झाकून ठेवावी. लगद्याचे बैल मात्र अंगणवाडीच्या फळीवर, ज्याचा त्याच्या नावासह, वर्षभर राहू द्यावेत.