दुखण्याला मुदत दे

अगं, नवं घर लावलंस, भांडीकुंडी झाली, देव्हारा बसला. औषधांचा डबा तेवढा अजून रिकामा आहे, म्हणून हे लिहायला बसले. तुम्हा दोघांच्या नोकऱ्या, पदरात लहान मूल, आणि दिवाळीनंतर तुझे सासरेही मीरा रोडलाच राहायला येणार. घरात दुखणीखुपणी येत-जात राहणारच. दर वेळी डॉक्टरकडे धावायचं नसतं आणि दर वेळी अंगावर काढायचंही नसतं. या दोन्हींच्या मधली वाट मला माझ्या सासूबाईंनी दाखवली, ती तुला सांगते.

सासूबाई भाईंदरजवळच्या मुर्ध्याच्या. माहेरची सगळी माणसं मिठागरात राबणारी, त्यामुळे घरातला दिवस घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर चाले. कुणाला ताप आला, कुणाचं पोट बिघडलं की त्या काढा उकळायला ठेवत, पण त्याआधी बजावत, "दोन भरत्या बघायच्या." दोन भरत्या म्हणजे साधारण एक दिवस. तेवढ्यात उतार पडला तर ठीक, नाहीतर माणसाला उठवून भाईंदरला डॉक्टरकडे न्यायचं. मग कुणाचं काही ऐकायच्या नाहीत. आलं, गवती चहा, हळद हे उपाय सगळ्याच घरांत असतात. त्यांना मुदत घालून देणारी बाई क्वचितच असते. "आज बघू, उद्या बघू" करत चार दिवस जातात आणि पाचव्या दिवशी धावपळ होते. म्हणून उपाय सुरू करतानाच ठरव, किती वेळ थांबायचं आणि कुठल्या खुणेला उठायचं. आणि ते वहीत लिही.

वही साधी, शंभर पानी. स्वयंपाकघरातच ठेव, दोरीला पेन बांधून. "सोमवार, रात्री ९, ताप १०१.४, गोळी ६५०ची एक. रात्री ३, ताप १००. लघवी संध्याकाळपासून तीनदा." एवढंच लिहायचं. रात्रपाळीला तू जागी असशील, सकाळी जावईबापू. एकानं दिलेली गोळी दुसऱ्याला ठाऊक नसते आणि डोस दुणावतो. डॉक्टरांसमोर बसल्यावरही "ताप येतोय दोन-तीन दिवस" या उत्तरापेक्षा हे पान कितीतरी जास्त सांगतं.

आता तापाचं. जून ते ऑक्टोबर आपल्या भागात आलेल्या तापाला साधा ताप मानू नकोस. पाण्याची ओढ असल्यामुळे आपल्याकडे घरोघरी पिंप, बादल्या, टाक्या भरून ठेवलेल्या असतात, आणि डेंग्यूचा डास असल्या स्वच्छ साठवणीच्या पाण्यातच वाढतो. तो चावतोही दिवसा. पिंप नुसतं ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. आठवड्यातून एकदा आतून काथ्यानं खरवडून घासायचं आणि पालथं घालायचं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा. फ्रिजमागची थाळी आणि कुंड्यांखालच्या बशा विसरू नकोस.

तापाला गोळी पॅरासिटामॉलचीच. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांमध्ये किमान चार ते सहा तास, आणि दिवसात चारपेक्षा जास्त नाहीत. सर्दीच्या तयार गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असतंच, म्हणून पाकीट उलटून वाच. लिव्हरचं दुखणं किंवा रोजची दारू असेल तर आधी डॉक्टरांना विचार. अंग ठणकतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन देऊ नकोस. ताप डेंग्यूचा निघाला तर त्यांनी रक्तस्राव वाढतो. सासऱ्यांना हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. लहान मुलाचा डोस वजनावर ठरतो, आणि थेंबांचं औषध सिरपपेक्षा बरंच तीव्र असतं. थेंबांच्या बाटलीतलं औषध सिरपच्या चमच्यानं कधीही देऊ नकोस.

पावसाळ्यातल्या तापाची मुदत दोन दिवस. तिसऱ्या दिवशी रक्त तपासायचंच. डेंग्यू आणि मलेरिया दोन्ही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला मुदतच नाही, १००.४ ताप दिसला की निघायचं. आणि हे नीट लक्षात ठेव: डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, धोका सुरू होतो. घरातले निश्चिंत होतात आणि नेमकं तेव्हा पोटात जोरात दुखतं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं, हातपाय गार पडतात, माणूस गुंगीत जातो. यातलं एक जरी दिसलं तरी सरळ हॉस्पिटल. पपईच्या पानांचा रस कुणी आणून दिला तर त्याच्या भरवशावर बसू नकोस. पेज, ताक, शहाळं, साधं पाणी भरपूर दे आणि लघवी मोजत राहा.

साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर काय करायचं तेही ऐक. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि नंतरच्या दिवसांत मुंबईत लेप्टोस्पायरोसिसनं माणसं गेली. उंदरांच्या लघवीतले जंतू त्या पाण्यात असतात, आणि पायाला भेग किंवा खरचटलेलं असलं की तिथून आत शिरतात. स्टेशनवरून गुडघाभर पाण्यातून आलात की आधी साबणानं पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. पायाला जखम असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून डॉक्सिसायक्लिन घ्यायची का ते विचारायचं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर "मी पाण्यातून गेलो होतो" हे आपण होऊन सांगायचं. डॉक्टरांना ते कसं कळणार?

जुलाब-उलट्यांवर थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे घर खरोखर जीव वाचवतं. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात बोनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. म्हणजे ते औषध पाजणारे हात तुझ्या-माझ्यासारख्या घरच्या माणसांचेच होते.

पण ते मोजून करायचं असतं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, साखर सहा सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. मिठाची चिमूट "अंदाजानं" टाकायची नाही. जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो. चाखून बघ, अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. शक्यतो ओआरएसचं पाकीटच घरात ठेव. मोठं पाकीट एका लिटरला, छोटं २०० मिलिलिटरला. अर्धं पाकीट वाटीभर पाण्यात घालून उरलेलं गुंडाळून ठेवतात, तसं करू नकोस. कालवलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्यायचं. खोक्यातली गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, त्यातल्या साखरेनं जुलाब वाढतात. मुलाला उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं सुरू कर. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, मऊ भातही नाही. मुलाला झिंक चौदा दिवस देतात, ते डॉक्टरांना विचारून आण. जुलाब थांबवायची गोळी लहान मुलाला अजिबात नाही.

इथली मुदत सहा तास. सहा तासांत मुलाला लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेले, पाणी पीतच नाही किंवा शौचातून रक्त आलं, तर रिक्षा बोलाव.

मीठ जीव वाचवतं, तेच सासऱ्यांच्या ताटात बेतानं वाढायचं आहे. दिवसभराचं मीठ एक सपाट चमच्याच्या आत, ५ ग्रॅमपेक्षा कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं धरायचं. आपल्याकडे उत्तनहून खारवलेली मासळी येते, ती त्यांना आवडते हे मला ठाऊक आहे. महिन्यातून एखाद्या वेळी दे, रात्रभर पाण्यात घालून, आणि त्या दिवशी भाजीत मीठ घालू नकोस. दुकानात "कमी सोडियमचं मीठ" मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरतं, म्हणून विचारल्याशिवाय आणायचं नाही.

बीपीचं मशीन घेशील तर दंडावर बांधायचं घे, मनगटाचं नको. जिना चढून आल्याबरोबर मोजायचं नाही. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पावलं जमिनीला टेकलेली, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा सदऱ्यावरून नव्हे तर कातडीवर. चहा होऊन अर्धा तास गेलेला असावा आणि मोजताना बोलणं बंद. सकाळी गोळीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असं आठवडाभर लिहायचं. घरी सरासरी १३५/८५च्या वर राहत असेल तर ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा. एका जास्त आकड्यानं घाबरून जादा गोळी द्यायची नाही.

आता तुझं स्वतःचं, आणि हे तू सगळ्यांत आधी विसरशील म्हणून दटावून सांगते. मीरा रोडहून चर्चगेटपर्यंत तास-सव्वा तास, वर स्टेशनावर थांबणं वेगळं. वाटेत धड स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून बायका घरून निघताना पाणीच पीत नाहीत आणि दुपारपर्यंत लघवी रोखून धरतात. याच रागातून २०११ साली मुंबईत "राइट टू पी" ही मोहीम उभी राहिली. पण स्वच्छतागृहं होईपर्यंत तू तहानलेली राहू नकोस. ऑफिसात पोचल्याबरोबर आधी जाऊन ये, मग डबा उघड. दिवसभरात लघवी फिकट पिवळी दिसेल इतकं पाणी पी. जळजळ सुरू झाली तर जिरेपाणी, धणेपाणी खुशाल घे, पण एकच दिवस. दुसऱ्या दिवशी लघवीची तपासणी, आणि नमुना अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी द्यायचा. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला दुखलं, लघवीत रक्त दिसलं किंवा दिवस गेलेले असतील, तर तो एक दिवसही थांबायचं नाही. मैत्रिणीला लागू पडलेली गोळी मेडिकलवाल्याकडून आणायची नाही. उरलेलं अँटिबायोटिक डब्यात साठवायचंही नाही.

लहानसहान काही. भाजलं तर नळाखाली २० मिनिटं. नळाला पाणी नसेल तर पिंपातून तांब्यातांब्यानं ओतत राहा, पण वीसच्या वीस मिनिटं. बांगड्या-अंगठ्या लगेच काढ. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नकोस. घोळणा फुटला तर मान पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा, मान मागे टाकायची नाही. मुलाला वाफेच्या उकळत्या भांड्यापासून लांब ठेव. त्यानं पोळून मुलं दवाखान्यात जातात. एका वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. खोकल्याचं सिरप मनानं द्यायचं नाही. २०२५ साली छिंदवाड्याला दूषित सिरपानं लहान लेकरं दगावली. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर कुणाचाही असो, पालिकेच्या आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या, पैसे पडत नाहीत. आणि मिश्री-तंबाखूवाल्या माणसाच्या तोंडातला फोड तीन आठवड्यांत भरला नाही तर दाखवायलाच हवा, दुखत नसला तरी. न दुखणाऱ्या फोडाची मला जास्त भीती वाटते.

काही गोष्टींना मुदत नसते. छाती आवळल्यासारखी होऊन दरदरून घाम आला, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, तर "गॅस झालाय" म्हणून ओवा चघळत बसायचं नाही. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कित्येकदा कळ न येता नुसती धाप लागते, मळमळतं. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, जीभ जड झाली, तर घड्याळात बघ आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिही. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. अशा वेळी पाणी-गोळी काही तोंडात घालू नकोस, ठसका लागतो.

म्हणून ही चौकशी आत्ताच, सगळे धडधाकट असताना करून ठेव. हृदयाचं आणि मेंदूचं काम रात्रीही चालतं असं हॉस्पिटल रेल्वेच्या आपल्या बाजूला कुठलं? पूर्वेकडून पश्चिमेला जायला संध्याकाळी किती वेळ लागतो ते तू रोज बघतेस. भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, रिक्षावाल्याला "टेंभा" म्हटलं की कळतं. तिथे काय होतं आणि काय होत नाही ते एकदा जाऊन विचारून ये. वहीच्या पहिल्या पानावर रुग्णवाहिकेचा १०८ नंबर, सासऱ्यांच्या गोळ्यांची नावं आणि डोस, कुणाला कशाची अ‍ॅलर्जी, सगळ्यांचे रक्तगट. खाली पत्ता पूर्ण लिही, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही: पूर्व की पश्चिम, सेक्टर, बिल्डिंग, विंग, मजला, आणि समोरची ठळक खूण. आपल्याकडे एकाच नावाच्या चार-चार इमारती आहेत. १०८ला फोन केला की एकानं पेशंटजवळ थांबायचं, दुसऱ्यानं खाली जाऊन वॉचमनला गेट उघडायला लावायचं, गेटसमोरच्या दुचाक्या हलवायच्या आणि लिफ्ट खाली धरून ठेवायची.