शाळेतून मारामारीची तक्रार आली तर…

मुखेडच्या वस्त्यांत आरोग्याचं काम करताना आम्ही नेहमी ऐकतो, "शाळेतून तक्रार आली, मग चांगलं बदडलं." थांबा, बंधू-भगिनींनो. १९९० साली अमेरिकेतील डॉज, बेट्स आणि पेटिट या संशोधकांनी ३०९ मुलांचा अभ्यास मांडला. घरात जबर मार खाल्लेली लेकरं बालवाडीत जास्त मारकुटी दिसली. अशा लेकराला चुकून लागलेला धक्काही हल्लाच वाटतो. म्हणून ते आधी हात उगारतं. घरी पुन्हा मारलं की ही भीती वाढते.

तक्रार आली की शेजारी बसवून विचारा, "काय झालं? तुला काय वाटलं?" धक्का मुद्दाम होता की चुकून, ते त्यालाच आठवू द्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेतही मारायला बंदी आहे. लेकराला कुणी मारत असेल, तर १०९८ वर फोन करा.